डिमेन्शियाच्या माणसाचं नैराश्य घरच्यांनी कसं ओळखावं, पुढे काय करावं

"जेवायचं?" "नको." "काही दुखतंय?" "नाही." "मग असं का बसलात?" यावर उत्तर नाही.

डिमेन्शियाचा माणूस असलेल्या घरात हे बोलणं दिवसातून चारदा होतं आणि चारही वेळा घरचे एकच अर्थ काढतात: आजार वाढला. कधी ते खरं असतं. कधी मात्र विसरण्याच्या आजाराआडून नैराश्य आलेलं असतं. विसरणं परतवता येत नाही. नैराश्य पुष्कळदा परतवता येतं.

हे दुर्मीळ नाही. भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, असा लासी-डॅड या देशव्यापी पाहणीचा २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज आहे. अल्झायमर आणि पार्किन्सन (कंपवात) या दोन्हींत दहापैकी तीन-चार जणांना दखल घ्यावी इतकं नैराश्य येतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब होऊन आलेल्या डिमेन्शियात आणि ल्युई बॉडी डिमेन्शियात (विसरण्याबरोबर भास आणि कंपवातासारखा ताठरपणा आणणारा प्रकार) त्याहून अधिक. निदानाचा धक्का हे एक कारण झालं. दुसरं असं की मनःस्थितीशी निगडित सेरोटोनिन आणि नॉरअॅड्रेनलिन बनवणाऱ्या मेंदूच्या देठातल्या पेशी या आजारांत लवकर झिजतात. त्यामुळे "मन घट्ट करा, बाबा" हा सल्ला मधुमेह्याला "साखर कमी कर रे मनानं" म्हणण्यासारखा आहे.

अडचण एवढीच, की हा माणूस स्वतःचं मन सांगू शकत नाही. काल दिवसभर रडलेला माणूस आज डॉक्टरांसमोर "मजेत आहे" म्हणतो, कारण कालचं त्याला आठवत नाही. म्हणून इथे विचारण्यापेक्षा पाहणं आणि लिहून ठेवणं महत्त्वाचं.

आधी घड्याळ पाहा: बदल कधीपासून?

बदल तासांत किंवा दोन-तीन दिवसांत झाला असेल तर ते नैराश्य समजू नका. परवापर्यंत हिंडणारी आजी आज गुंगीत पडून आहे, हाक मारली तर डोळे उघडते आणि पुन्हा मिटते, बोलणं तुटक, दुपारी जरा बरी आणि रात्री वाईट: याला डिलिरियम म्हणतात. बडबड आणि झटापट करणारा डिलिरियम सगळ्यांच्या लक्षात येतो. गप्प पडून राहणारा डिलिरियम मात्र हमखास "मन लागत नाहीये त्यांचं" म्हणून सोडून दिला जातो. मागे बहुधा लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, सोडियम उतरणं, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, चार दिवसांची बद्धकोष्ठता किंवा नवं औषध असतं. महिन्या-दीड महिन्यात कधी पडले असतील आणि त्यातून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डोक्यात कवटीखाली हळूहळू रक्त साचल्याची शक्यता डॉक्टरांपुढे तुम्हीच काढा. डिलिरियम म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट चालत नाही.

बदल आठवड्यांत झाला असेल तर नैराश्याचा विचार करा. वर्ष-दीड वर्षात हळूहळू झाला असेल तर बहुधा आजाराचाच पुढचा टप्पा, किंवा मग औदासीन्य.

नैराश्यासारखं दिसणारं, पण नसणारं

इथे घाई करू नका, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

औदासीन्य म्हणजे आतली 'सुरुवात करायची' कळच बंद पडणं. माणूस आपणहून उठत नाही, बोलत नाही, आंघोळीला जात नाही. पण त्याला त्याचं दुःखही नसतं. "कंटाळा आला का?" विचारलं तर शांतपणे "नाही" म्हणतो. फरक पाहायचा असेल तर त्यांना आवडणारी एक गोष्ट करून पाहा. हात धरून कोपऱ्यावर न्या, भेळ मागवा. औदासीन्य असलेला माणूस निघायला वीस मिनिटं लावेल, पण भेळ चवीनं खाईल आणि "तिखट घाल थोडं" म्हणेल. नैराश्य असलेल्याला तुम्ही नेलंत तरी दोन घासांनंतर कागद बाजूला सरकतो. नातू आला तर पहिला नुसता बसून राहतो. दुसरा तोंड फिरवतो, किंवा डोळ्यांत पाणी आणून "कशाला आलास रे एवढ्या लांब" म्हणतो. औदासीन्यावर नैराश्याच्या गोळ्या फारशा चालत नाहीत. काही जणांत सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळ्यांनी ते वाढतंही. म्हणून हा फरक आधी करायचा.

पार्किन्सनमध्ये चेहराच फसवतो. चेहऱ्याचे स्नायू ताठरल्यामुळे हसू उमटत नाही, आवाज बारीक होतो, हालचाल मंदावते, झोप तुटते. बाहेरून पाहणारा म्हणतो 'खचलेत', आणि आतून माणूस ठीक असू शकतो. उलटही घडतं: नैराश्य आहे, पण सगळं कंपवाताच्या नावावर खपून जातं. म्हणून इथे चेहरा सोडा, शब्द ऐका. "माझं ओझं झालंय", "मी केलेल्या पापाची फळं", "आता काय राहिलंय" अशी वाक्यं आठवडाभर येत असतील तर ती कंपवाताची नव्हेत.

मोटर न्यूरॉन आजारात (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी झिजण्याचा आजार) आणि पक्षाघातानंतर रडू किंवा हसू अनावर होतं. टीव्हीवर लग्न लागलं की हुंदका फुटतो, मिनिटभरात थांबतो आणि माणूस स्वतःच ओशाळतो. हे भावना बाहेर पडण्याच्या यंत्रणेवरचा ताबा सुटणं आहे. "रडू नका ना" म्हटलं की उलट वाढतं. पाण्याचा पेला हातात द्या आणि दुसरा विषय काढा. यावर स्वतंत्र औषध मिळतं. मेंदूविकारतज्ज्ञांना नेमकं 'प्रसंगाशी न जुळणारं रडणं' अशा शब्दांत सांगा.

पन्नाशी-साठीच्या माणसाचा स्वभाव बदलला, घरच्यांविषयीची माया आटली, गोड खाण्याचा सोस सुटला, तर ते फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजण्याचं, लक्षण असू शकतं. अशी माणसं 'डिप्रेशन' म्हणून वर्षानुवर्षं गोळ्या खात राहतात.

उलट बाजूही आहे. नुसत्या नैराश्यानं स्मरणशक्ती गेल्यासारखी वाटते. असा माणूस स्वतःच "मला काही आठवत नाही हो" अशी तक्रार करतो आणि प्रश्नाला चटकन "माहीत नाही" म्हणतो. अल्झायमरचा माणूस सहसा विसरणं झाकतो, जवळपासचं उत्तर देतो किंवा बायकोकडे पाहतो. पण म्हातारपणी पहिल्यांदाच आलेलं नैराश्य ही कधी कधी डिमेन्शियाची नांदी असते. म्हणून नैराश्य उतरलं तरी सहा महिन्यांनी स्मरणशक्ती पुन्हा तपासून घ्यावी.

दोन आठवड्यांची वही

शंभर पानी वही पुरे. रोज तीन वेळा, सकाळी नाश्त्यानंतर, दुपारी चारला आणि झोपताना, एकेक ओळ लिहा. तुमचं मत नको. जे दिसलं ते लिहा. "आज उदास होते" ही ओळ डॉक्टरांच्या उपयोगाची नाही. उपयोगाची ओळ अशी:

"सकाळी ८. पहाटे ४ पासून जागे. चहा अर्धा. 'मला घेऊन जा आता' दोनदा. पेपर हातात घेतला, उघडला नाही."

"दुपारी ४. पोळी पाऊण, वरण नाही. शेजारच्या काकू आल्या, ओळखलं, हसले नाहीत. एकदा चिडून ताट ढकललं."

चिडचिड मुद्दाम लिहा. तरुणाचं नैराश्य रडण्यातून दिसतं. डिमेन्शियात ते चिडणं, मागे लागणं, माणसं टाळणं आणि सतत काही ना काही दुखत असल्याची तक्रार या रूपांत येतं. शिवाय ते रोज सारखं नसतं. दोन दिवस बरे, तीन दिवस वाईट असं चालतं. अल्झायमरमधल्या नैराश्याच्या निदानाचे निकष म्हणूनच नेहमीपेक्षा सैल आहेत. लक्षणं रोज असण्याची अट त्यांत नाही, आणि चिडचिड व माणसं टाळणं यांचा त्यांत समावेश आहे.

वही भरली की कॉर्नेल मापनश्रेणी वापरायची. १९८८ साली डिमेन्शियासाठीच बनवलेल्या या श्रेणीत १९ मुद्दे आहेत. प्रत्येकाला ० (नाही), १ (सौम्य किंवा अधूनमधून) किंवा २ (तीव्र) गुण, एकूण ३८. मुद्दे पाच गटांत येतात. मनःस्थिती: चिंता, दुःख, आनंदाच्या प्रसंगी न खुलणं, चिडचिड. वागणं: अस्वस्थ येरझाऱ्या, मंदावणं, शरीराच्या तक्रारी, रस जाणं. शरीर: भूक, वजन, शक्ती. दिवसाची लय: सकाळी जास्त वाईट वाटणं, झोप न लागणं, वारंवार जाग, फार पहाटे जाग. विचार: जीव नकोसा होणं, स्वतःला कमी लेखणं, सगळं वाईटच होणार असं वाटणं, गरिबीचे किंवा आजाराचे खोटे भ्रम. १० च्या वर गुण गेले तर नैराश्य असण्याची दाट शक्यता, १८ च्या वर तर जवळपास नक्की, ६ च्या खाली सहसा नाही.

भरताना तीन चुका होतात. गुण फक्त गेल्या आठवड्याचे द्यायचे असतात, वर्षभराचे नाहीत. शरीराच्या अपंगत्वामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे दिसणारं लक्षण मोजायचं नसतं. गुडघ्यामुळे चालत नसतील तर 'शक्ती नाही' म्हणून दोन गुण देऊ नका. आणि 'रस जाणं' हा मुद्दा महिन्याभरात झालेल्या बदलापुरताच धरायचा, नाहीतर औदासीन्य त्यात शिरतं. चौथी गोष्ट नाजूक आहे: सांभाळणारी व्यक्ती स्वतः खचलेली असेल तर तिच्या हातून गुण जास्त पडतात. म्हणून सून आणि मुलगा, किंवा मुलगी आणि दिवसभराची मदतनीस, अशा दोघांनी वेगवेगळं भरावं आणि मग ताडून पाहावं. पाच-सहा गुणांचा फरक आला तर भांडू नका. डॉक्टरांना दोन्ही कागद द्या.

औषधांची पिशवी ओटीवर ओता

मानसोपचाराच्या आधी शरीर. रक्ताच्या तपासण्या: हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइड), बी-१२, सोडियम, साखर, क्रिएटिनिन (मूत्रपिंड), कॅल्शियम, लिव्हर. शाकाहारी घरात, त्यातून मेटफॉर्मिन आणि रोजची ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल, तर बी-१२ कमी निघण्याची शक्यता बरीच. थायरॉइड मंदावला तर सुस्ती, बद्धकोष्ठता, मंद बोलणं, सगळं नैराश्यासारखंच दिसतं.

मग दुखणं. डिमेन्शियाचा माणूस "दुखतंय" म्हणत नाही. उठवताना कपाळाला आठ्या पडतात, हात झटकतो, कुशी बदलू देत नाही. तोंड उघडून पाहा. कवळी टोचते का, हिरडीला फोड आहे का, जिभेवर पांढरा थर आहे का? "जेवणावरची वासना गेली" म्हणून आणलेल्या रुग्णाच्या तोंडात कवळीखालची जखम सापडणं काही नवल नाही. कानातला मळ काढा, श्रवणयंत्राचा सेल बदला, मोतीबिंदू तपासा. ऐकू न येणारा माणूस आपोआप एकटा पडतो.

आता औषधं. घरातली प्रत्येक पट्टी, सरबत, थेंब, चूर्ण, सगळं एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. हे घटक दिसले तर खूण करा:

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम: झोपेसाठी सुरू झालेल्या आणि कुणीच न थांबवलेल्या गोळ्या. सुस्ती, पडणं, गोंधळ.

लेव्होसल्पिराइड, मेटोक्लोप्रमाइड: 'गॅस'च्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोल किंवा रॅबेप्राझोलच्या जोडीला पहिला घटक असतो, दुसरा उलटीच्या गोळीत. या दोन्हींमुळे चेहरा निर्विकार होतो, पावलं घासत पडतात, माणूस मंदावतो. पार्किन्सन आणि ल्युई बॉडीच्या रुग्णाला या देऊच नयेत.

फ्लुनारिझिन, सिनारिझिन: चक्करेसाठी महिनोन्महिने चालू राहतात. तेच परिणाम, शिवाय फ्लुनारिझिननं नैराश्यही येतं.

अॅमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सीफेनिडिल, ऑक्सिब्युटिनिन, डायसायक्लोमिन आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन: ही स्मरणशक्तीला लागणारं मेंदूतलं ॲसिटिलकोलिन हे रसायन अडवतात. डोनेपेझिल हे डिमेन्शियावरचं औषध नेमकं तेच वाढवायला दिलेलं असतं. म्हणजे एका हातानं भरायचं आणि दुसऱ्या हातानं ओतायचं.

खूण केली म्हणून स्वतः बंद करू नका. झोपेच्या गोळ्या एकदम सोडल्या तर झटके (फिट) येऊ शकतात. पार्किन्सनची लेव्होडोपा एकदम थांबवणं तर जिवावर बेततं. कमी कसं करायचं ते लिहून घ्या.

पार्किन्सनमध्ये आणखी एक पडताळणी. वहीत लेव्होडोपाच्या वेळा लिहा. समजा गोळी ८, १२ आणि ४ वाजता आहे, आणि रडवेपणा, घाबरं होणं साडेअकराला येऊन पाऊण वाजता निवळतं. असं आठवडाभर दिसलं तर हे औषधाचा अंमल संपल्यामुळे येणारं मन आहे. यावर नैराश्याची गोळी नको. डोस आणि वेळा बदलायला हव्यात, आणि ते काम मेंदूविकारतज्ज्ञांचं. हंटिंग्टन या आनुवंशिक मेंदूविकारात अनावर हालचाली आवरायला टेट्राबेनाझिन चालू असेल आणि मन खचलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात कळवा. त्या औषधानं नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात.

दिवस बांधणं: खरा उपचार

सौम्य आणि मध्यम नैराश्याला पहिला उपचार हाच. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही सौम्य-मध्यम डिमेन्शियातल्या सौम्य-मध्यम नैराश्यासाठी सरसकट गोळ्या देऊ नयेत असंच म्हटलं आहे; आधीपासून तीव्र मानसिक आजार असेल तर गोष्ट वेगळी.

एकदम वेळापत्रक चिकटवू नका. पहिल्या आठवड्यात दोनच गोष्टी: रोज एकाच वेळी उठवणं, आणि सकाळी अर्धा तास गॅलरीत किंवा अंगणात उजेडात बसवणं, चहा तिथेच. दुसऱ्या आठवड्यात चालणं जोडा, आधी १० मिनिटं, मग २०. तिसऱ्यात एक काम.

काम कसं द्यायचं ते नीट पाहू, कारण याच टप्प्यावर बहुतेक घरं हरतात. समजा आजींना मेथी निवडायला द्यायची आहे. पूर्ण जुडी पुढ्यात टाकली की ढीग पाहूनच हात थांबतो. पाव जुडी घ्या. डाव्या हाताला मेथी, समोर स्टीलची परात, उजव्या हाताला देठांसाठी वाटी, आणि ही मांडणी रोज तशीच. पहिल्या तीन काड्या तुम्ही निवडा, काही न बोलता. चौथी त्यांच्या हातात द्या. "पानं काढ, देठ टाक, किडकं बघ" अशा तीन सूचना एका दमात दिल्या तर पहिलीही जाते. एका वेळी एकच. देठ परातीत पडले तर पडू द्या. नंतर नीट करायचं असेल तर त्यांच्यासमोर मुळीच नको. आपण केलेलं पुन्हा केलं जातंय हे त्यांना दिसतं, आणि उद्या त्या "मला येत नाही" म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांत थांबवा, हात दमण्याआधी. आणि संध्याकाळी ताटात ती भाजी वाढताना सांगा, "ही तुम्ही निवडलेली मेथी." काम खरं हवं आणि त्याचं काहीतरी झालेलं दिसायला हवं. नुसतं गुंतवून ठेवायला दिलेले मणी त्यांना बरोबर कळतात.

हात थरथरत असतील तर वाती वळण्यापेक्षा मटाराच्या शेंगा सोलणं सोपं. आजार पुढे गेला असेल तर नॅपकिनांच्या घड्या, किंवा देवापुढे फुलं ठेवणं. बँकेत नोकरी केलेल्या बाबांना सुटी नाणी लावायला द्या. आधी काय आवडायचं याची यादी भावंडांना फोन करून करा. बायकोला माहीत नसलेलं बहिणीला माहीत असतं.

गाणी त्यांच्या पंधरा ते पंचविशीतली लावा. भाषा हरवलेल्या माणसाच्याही ओठांवर रामरक्षा किंवा हरिपाठ येतो, तेव्हा तुम्हीही बरोबर म्हणा. टीव्हीवरच्या रडारडीच्या मालिका आणि दिवसभराच्या बातम्या बंद करा. पडद्यावरचं भांडण आपल्याच घरातलं वाटून रात्रभर घाबरलेली माणसं असतात.

बोलताना

"ओळखलंत का मी कोण?" हा प्रश्न आपल्याकडचा प्रत्येक पाहुणा विचारतो, आणि प्रत्येक वेळी ती एक नापास व्हायची परीक्षा असते. पाहुण्यांना दारातच सांगा की आधी आपलं नाव सांगायचं: "काका, मी नाशिकचा सुधीर, तुमच्या वसंताचा मुलगा." एवढ्यानं माणूस सैल होतो.

"काय कमी आहे तुम्हाला? सगळं तर आहे" असं म्हणू नका. रडताना कारण विचारत बसू नका, ते त्यांनाही ठाऊक नसतं. शेजारी बसा, हात हातात घ्या, "वाईट वाटतंय ना, मी आहे इथे" एवढं पुरतं. घटना विसरली तरी ती भावना काही काळ मागे राहते. रागावलात तर का ते त्यांना आठवणार नाही, पण अपमान तासभर राहील.

जीव नकोसा होतो तेव्हा

"देवा, उचल आता" हे आपल्याकडे म्हातारपणीचं बोलणंच आहे, त्यामुळे धोका कळत नाही. फरक असा धरा: हे वाक्य पूर्वीपासून सवयीचं, हसत-कुरकुरत येतं की नव्यानं, थंडपणे? बरोबर कृती आहे का: गोळ्या साठवणं, कागदपत्रं सोपवणं, अन्नपाणी नाकारणं, गच्चीकडे जाणं? धोका जास्त असतो तो निदानानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, पासष्टीच्या आतल्या आणि आपल्याला काय झालंय हे पुरतं कळणाऱ्या माणसांत. थेट विचारा: "जीव नकोसा झालाय का? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्यानं असा विचार मनात रुजत नाही.

उत्तर 'हो' असेल तर एकटं सोडू नका. औषधं कुलपात, आठवड्यापुरतीच काढलेली. शेतघरात फवारणीची औषधं घराबाहेर, कुलूपबंद. गच्चीच्या दाराला कडी, विहिरीवर झाकण. सरकारी टेली-मानस १४४१६ वर दिवसरात्र बोलता येतं. तातडीत ११२ किंवा थेट दवाखाना. जेवणपाणीच थांबलं असेल किंवा आत्महत्येचा धोका तातडीचा असेल तर विजेचे उपचार हा पर्याय डॉक्टर काढतील. सिनेमात दाखवतात तसे ते नसतात; भूल देऊन केले जातात, आणि पार्किन्सनमध्ये मनासोबत हालचालही काही काळ सुधारते. त्यानंतर काही दिवस ते आठवडे गोंधळ वाढू शकतो, हे मात्र आधी विचारून घ्या.

गोळी सुरू झाली तर

अपेक्षा आधी नीट करून घ्या. २०११ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या इंग्लंडमधल्या चाचणीत अल्झायमर आणि नैराश्य असलेल्या ३२६ जणांना सर्ट्रालिन, मिर्टाझापिन किंवा औषध नसलेली गोळी दिली. १३ आठवड्यांनी तिन्ही गटांतलं नैराश्य सारखंच उतरलं होतं. दुष्परिणाम मात्र औषध नसलेल्या गटात २६ टक्के, सर्ट्रालिनला ४३ आणि मिर्टाझापिनला ४१ टक्के. म्हणजे गोळी कुणालाच लागू पडत नाही असं नव्हे. पूर्वी नैराश्याचे झटके येऊन गेलेल्यांना, तीव्र नैराश्यात आणि पार्किन्सनमध्ये तिला जागा आहे. पण ती ठरावीक मुदतीची परीक्षा म्हणून द्यावी आणि तारखा कॅलेंडरवर मांडाव्यात.

सुरुवात निम्म्या डोसनं होते: सर्ट्रालिन २५ मिलिग्रॅम सकाळी नाश्त्यानंतर, किंवा एस्सिटालोप्राम ५, आणि या वयात ते सहसा १० च्या वर नेत नाहीत, कारण हृदयाची लय बिघडू शकते. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर मिर्टाझापिन ७.५ रात्री. चिठ्ठीवर एस्सिटालोप्राम-क्लोनाझेपाम अशी जोडगोळी दिसली तर "यातलं क्लोनाझेपाम टाळता येईल का?" हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पहिला दिवस: सोडियम आणि ईसीजी झालेला असावा. पहिले सात-आठ दिवस: मळमळ, पातळ जुलाब, थोडी बेचैनी. याच दिवसांत घरचे गोळी बंद करतात. डॉक्टरांना फोन करा, बहुतेकदा ते निवळतं. चौदावा दिवस: सोडियम पुन्हा. रक्तदाबाच्या गोळीच्या नावापुढे 'एच' असेल, म्हणजे लघवी वाढवणारा घटक असेल, तर हे टाळूच नका. वयस्कांत या गोळ्यांनी सोडियम १३५ च्या खाली घसरू शकतं, आणि मग सुस्ती, तोल जाणं, गोंधळ. घरचे म्हणतात "गोळीनं डिप्रेशन वाढलं". ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल अशी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर काळी शौच, हिरड्यांतून रक्त यावर नजर. पार्किन्सनमध्ये रासाजिलिन किंवा सेलेजिलिन चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांना तोंडानं सांगा, कारण नैराश्याच्या गोळीशी त्यांची जोडी धोक्याची ठरू शकते. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या एकमेकांना दिसत नाहीत. ल्युई बॉडीच्या रुग्णाला भ्रम-भास आवरायला हॅलोपेरिडॉल देऊ नये, हे फाइलच्या पहिल्या पानावर लाल शाईनं लिहून ठेवा.

वजन दर महिन्याच्या १ तारखेला, त्याच काट्यावर. ५० किलोच्या माणसाचं महिन्यात अडीच किलो उतरलं तर तपासणीची वाट पाहू नका.

आठवा आठवडा: कॉर्नेलचे गुण पुन्हा, त्याच दोघांनी. १७ चे ९ झाले तर गोळी पुढे चालू. १७ चे १५ झाले आणि डोसही पुरेसा होता, तर ती कमी करत थांबवायची किंवा बदलायची. सर्वांत वाईट म्हणजे मधला मार्ग: फरक नाही, बंदही नाही, वर दुसरी गोळी. गुण उतरले असतील तर साधारण सहा महिने ते वर्षभर नीट गेल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार आठवड्यांत थोडी थोडी कमी करून पाहतात. त्या चार आठवड्यांत वही पुन्हा काढा, तीन वेळच्या तीन ओळी.

जवळ तज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी पाहा. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७ आहे. पार्किन्सनसाठी पुण्यातलं पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीत काम करतं. आणि डॉक्टरांना भेटताना पाच मिनिटं रुग्णाला बाहेर बसवून बोलायची सोय मागा. "यांना अंथरुणात लघवी होते, रात्री रडतात" हे त्यांच्यासमोर सांगितलं, तर घरी परतताना गाडीत ते खिडकीबाहेर पाहत का बसलेत हे वेगळं शोधावं लागणार नाही.